वाचकांचे प्रश्न : मजकुराच्या फायलीत बायनरी माहिती कशी ठेवावी?

प्रश्न : आमच्या देवस्थानाच्या महाजनांची आणि कुळाव्यांची नोंदवही मी एसक्यूलाइटच्या डेटाबेसमध्ये उतरवली आहे. प्रत्येक नोंदीत नाव, गाव आणि घराण्याची माहिती आहे. शिवाय एका रकान्यात फोटो आणि दुसऱ्यात सहीचे स्कॅन थेट बायनरी स्वरूपात, म्हणजे ० ते २५५ मधल्या आकड्यांच्या (बाइटांच्या) रांगेच्या रूपात आहे. देवस्थानाचे संकेतस्थळ करणाऱ्या मुलाने ही माहिती जेसन या देवाणघेवाणीच्या मजकूर-स्वरूपात मागितली. माझा पायथनचा प्रोग्राम पहिल्याच फोटोवर थांबला आणि हे बाइट यूटीएफ-८ म्हणून वाचता येत नाहीत, असा संदेश आला. एका परिचितांच्या सल्ल्याने मी चुकीचे बाइट वगळण्याचा पर्याय दिला. फाइल विनातक्रार तयार झाली, पण तिच्यातला एकही फोटो उघडत नाही. आता काय करावे?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : सर्वांत आधी मूळ डेटाबेसची एक प्रत वेगळी काढून सुरक्षित ठेवा आणि तयार झालेली जेसन फाइल बाजूला सारा. त्या फायलीतून फोटो परत मिळवण्याचा कोणताही मार्ग नाही. आपला प्रोग्राम प्रथम थांबला तेव्हा तो आपल्या फोटोंचे रक्षण करत होता. सल्ल्यानुसार दिलेल्या पर्यायाने तेवढे रक्षणही काढून घेतले.

जेसन हे बाइटांचे नव्हे, तर अक्षरांचे स्वरूप आहे. त्यात मजकूर, संख्या, याद्या, नाव-मूल्यांच्या जोड्या, खरे-खोटे आणि 'काहीच नाही' (नल) एवढेच मावते. कच्च्या बाइटांसाठी त्यात जागाच नाही. ही अक्षरे फायलीत यूटीएफ-८ या पद्धतीने लिहिली जातात आणि त्या पद्धतीत कोणता बाइट कुठे येऊ शकतो याचे नियम पक्के आहेत. ० ते १२७ हे बाइट एकेकटे एक अक्षर होतात, १२८ ते १९१ हे फक्त आधीच्या बाइटाच्या मागोमाग येऊ शकतात, तर १९४ ते २४४ हे अनेक बाइटांच्या अक्षराची सुरुवात करतात. आपल्या देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'ग' म्हणजे २२४, १६४, १५१. जेपेग फोटोची सुरुवात मात्र नेहमी २५५, २१६, २५५ अशी होते, आणि २५५ हा बाइट यूटीएफ-८ मध्ये कधीही येत नाही. म्हणून प्रोग्राम फोटोच्या पहिल्याच बाइटावर अडला.

'इग्नोअर', म्हणजे चुकीचे बाइट वगळण्याचा पर्याय दिल्यावर न जुळणारे सर्व बाइट गळून पडले, आणि दाबून लहान केलेल्या फोटोत १२७ च्या वरचे बाइट साधारण निम्मे असतात. 'रिप्लेस' हा पर्यायही तितकाच घातक आहे. तो प्रत्येक चुकीच्या जागी काळ्या चौकटीतील प्रश्नचिन्हासारखे दिसणारे एकच चिन्ह ठेवतो, आणि ते यूटीएफ-८ मध्ये २३९, १९१, १८९ असे लिहिले जाते. वेगवेगळ्या बाइटांच्या जागी सरसकट एकच चिन्ह आले की तिथे मुळात काय होते हे कोणालाच सांगता येत नाही. एखाद्या बिघडलेल्या फोटोत हे तीन बाइट पुन्हापुन्हा सापडले, तर कोणीतरी त्याला मजकूर समजून वाचले होते हे खात्रीने समजावे.

काही जण आणखी एक युक्ती सुचवतात. लॅटिन-१ या जुन्या पद्धतीत ० ते २५५ या प्रत्येक बाइटाला एक चिन्ह नेमून दिलेले आहे, म्हणून फोटो लॅटिन-१ समजून वाचावा आणि जेसनमध्ये लिहावा, असे ते म्हणतात. या मार्गाने माहिती गमावत नाही हे खरे, पण फाइल अवाढव्य फुगते. १२७ च्या वरच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये दोन बाइट लागतात आणि बहुतेक नियंत्रणचिन्हे जेसनमध्ये सहा-सहा अक्षरांनी लिहावी लागतात, त्यामुळे सरासरी आकार दुपटीवर जातो. पायथनचे जेसन लिहिणारे साधन तर मूळ मांडणीत आस्की-बाहेरचे (० ते १२७ मधली साधी रोमन अक्षरे, अंक वगैरे सोडून) प्रत्येक चिन्ह सहा अक्षरांनीच लिहिते, म्हणजे आकार चौपट होतो. (आपल्या फायलीत देवनागरी नावांच्या जागी तिरप्या रेघा आणि आकडे दिसत असतील तर त्याचे कारणही हेच आहे, 'एन्शुअर आस्की' ही मांडणी बंद केली की नावे वाचता येतील.)

यावर रुळलेला उपाय म्हणजे बेस-६४. एका बाइटात शून्य किंवा एक असे आठ बिट असतात, म्हणून तीन बाइट म्हणजे २४ बिट; त्यांचे सहा-सहा बिटांचे चार तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यासाठी ६४ ठरलेल्या चिन्हांपैकी एक लिहायचे. रोमन मोठी अक्षरे २६, लहान २६, अंक १०, अधिकचिन्ह आणि तिरपी रेघ मिळून ६४ होतात, आणि शेवटी बाइट कमी पडले तर बरोबरचे चिन्ह लावून चारांचा गट पुरा करतात. आकार एक तृतीयांशाने वाढतो, म्हणजे ६०,००० बाइटांच्या फोटोची ८०,००० अक्षरे होतात. ईमेलच्या जगात बाइटाचे सातच बिट सुखरूप पोहोचतील याची खात्री असे, त्या काळात ही पद्धत रुजली. १९९२ मध्ये एमआयएमई या ईमेलच्या मांडणीच्या नियमांनी ती जोडपत्रांसाठी सर्वत्र नेली आणि २००६ च्या आरएफसी ४६४८ या इंटरनेटच्या नियमपत्रकाने तिचे नियम एका जागी आणले. जेपेगची बेस-६४ मधील सुरुवात नेहमी तिरपी रेघ, ९, लहान जे, तिरपी रेघ अशी असते. डोळ्यांनी करता येण्याजोगी ही तपासणी लक्षात ठेवावी.

पायथनमध्ये दोन ठिकाणी पाय अडखळतो. 'बी६४एन्कोड' हे फंक्शन परत देते तेही बाइटच असतात, म्हणून जेसनमध्ये घालण्यापूर्वी त्यांना आस्की समजून मजकूर करावे लागते. इथे ते पूर्ण सुरक्षित आहे, कारण त्यात आस्कीबाहेरचे काही उरलेलेच नसते. दुसरे, 'एन्कोडबाइट्स' हे भावंड दर ७६ अक्षरांनी नवी ओळ घालते, कारण ईमेलमध्ये तशी मर्यादा आहे. लिनक्सवरील बेस-६४ ची आज्ञाही तसेच करते. जेसनच्या मजकुरात उघडी नवी ओळ चालत नाही, म्हणून ओळी न तोडणारे फंक्शनच वापरावे.

आता जी चूक मला सर्वांत घातक वाटते तिच्याकडे येतो, कारण ती कित्येक महिने लपून राहते. पुष्कळ जण प्रोग्राम असा लिहितात : बाइट यूटीएफ-८ म्हणून वाचता आले तर मजकूर लिहा, नाही आले तर बेस-६४ लिहा. वरवर हे समंजस दिसते. पण समजा एका नोंदीत चार बाइट आहेत आणि ते रोमन लिपीतील 'गोवा' हा तीन अक्षरी शब्द, पहिले अक्षर मोठे व पुढची दोन लहान, आणि त्याला जोडून १ असे वाचता येतात. प्रोग्राम ते जसेच्या तसे लिहील. दुसऱ्या नोंदीत २६, १३४, १८१ असे तीन बाइट आहेत. ते यूटीएफ-८ मध्ये बसत नाहीत, म्हणून प्रोग्राम त्यांचे बेस-६४ करील, आणि ते रूपही नेमके तेच येते : रोमनमधील 'गोवा' आणि १. आपण हे कागदावर सोडवून पाहू शकता. दोन भिन्न नोंदी फायलीत अक्षरशः एकसारख्या झाल्या, आणि वाचणाऱ्याला मूळ कोणते हे कळण्याचा मार्ग बंद झाला.

म्हणून निर्णय रकान्यावरून घ्यावा, त्यात त्या वेळी काय आहे त्यावरून नव्हे. फोटोचा रकाना बायनरी आहे असे ठरले, की त्यातली प्रत्येक नोंद, आतील बाइट योगायोगाने वाचण्याजोगे असले तरी, बेस-६४ मध्येच जावी. नोंदीगणिक ठरवणे अगदीच भाग असेल, तर फायलीतच खूण हवी. निर्देशिकांच्या (डिरेक्टरींच्या) नोंदींसाठीच्या एलडीआयएफ या मजकूर-स्वरूपात तशी सोय आहे : साध्या मजकुरापूर्वी एक विसर्गचिन्ह आणि बेस-६४ पूर्वी दोन. जेसनमध्ये अशी खूण नाही, म्हणून ती नावातच द्यावी. रकान्याला नुसते 'फोटो' न म्हणता 'फोटो-बेस-६४' म्हणावे आणि शेजारी जेपेग की पीएनजी हे लिहावे. ज्यांचा फोटो नाही त्यांच्यापुढे रिकामा मजकूर न ठेवता 'नल' ठेवावे, म्हणजे फोटो नसणे आणि शून्य बाइटांची बिघडलेली नोंद असणे यांत गोंधळ होणार नाही.

आपल्या संकेतस्थळासाठी मात्र मी फोटो जेसनमध्ये घालूच नका असे सांगेन. ते वेगळ्या फाइली म्हणून ठेवावेत आणि जेसनमध्ये फायलीचे नाव व तिचा शा-२५६ ठसा, म्हणजे तिच्या बाइटांवरून काढलेली, एक बाइट बदलला तरी बदलणारी छोटी ओळख, द्यावा. शेकडो घराण्यांचे फोटो एकाच फायलीत गेले, तर एक नाव पाहण्यासाठी भक्ताच्या फोनला सगळेच उतरवून घ्यावे लागतील; वेगळ्या फाइली ब्राउझर एकदा आणून साठवून ठेवतो. देवस्थानाच्या कपाटात ठेवायची एकसंध प्रत करायची असेल, तेव्हा बेस-६४ योग्य. दोन्ही बाबतींत, काम संपल्यावर प्रत्येक फोटो परत बाइटांत उतरवून त्याचा ठसा मूळ ठशाशी ताडून पाहावा. चार फोटो उघडून पाहणे पुरेसे नाही.

प्रश्न : सासष्टीतील एका गावच्या कोमुनिदादीच्या (गावच्या सामाईक जमिनीच्या जुन्या संस्थेच्या) गांवकारांची, म्हणजे सदस्यांची, जुनी यादी माझ्याकडे एका अनेक वर्षांपूर्वीच्या प्रोग्रामच्या डेटाबेसमध्ये आहे. ती जेसनमध्ये काढली तेव्हा फर्नांडिस, डिसोझा ही नावे नीट आली, पण जुवांव, गोन्साल्विस, कोन्सेसांव अशी पोर्तुगीज वळणाने लिहिलेली नावे 'बायनरी' ठरवून बेस-६४ मध्ये दिली गेली. माणसांची नावे बायनरी कशी?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : ती बायनरी नाहीत. आपल्या साधनाने वर सांगितलेलीच चूक केली आहे : नोंद पाहून निर्णय घेतला आणि यूटीएफ-८ मध्ये न बसणारी प्रत्येक गोष्ट बायनरी मानली. प्रत्यक्षात हा दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला शुद्ध मजकूर आहे.

पोर्तुगीजमधील शेपटीचा 'सी' आणि नागमोडी रेघेचा 'ए' ही अक्षरे विंडोज-१२५२ या पद्धतीत प्रत्येकी एकाच बाइटात मावतात. पहिले २३१, दुसरे २२७. यूटीएफ-८ मध्ये त्यांचे १९५, १६७ आणि १९५, १६३ असे दोन-दोन बाइट होतात. आता २२४ ते २३९ हे बाइट यूटीएफ-८ मध्ये 'यापुढे आणखी दोन बाइट येत आहेत' असे सांगणारे आहेत. 'जुवांव'मध्ये २२७ नंतर साधा 'ओ' येतो, म्हणजे १११. तो पाठोपाठ येण्याच्या गटातला नाही, म्हणून साधन हात टेकते. फर्नांडिस आणि डिसोझा साध्या आस्की अक्षरांनी लिहिले जातात आणि आस्की दोन्हींकडे सारखेच असल्याने ते निर्वेध पार होतात.

प्रथम आपली यादी नेमकी कोणत्या पद्धतीत आहे ते शोधावे. गोन्साल्विस हे नाव घ्या आणि त्यातील शेपटीच्या 'सी'च्या जागी कोणता बाइट आहे ते पाहा. २३१ असेल तर विंडोज-१२५२ किंवा लॅटिन-१. या दोन्हींत फरक फक्त १२८ ते १५९ या पट्ट्यात आहे, म्हणून विंडोज-१२५२ मानून चालणे सोयीचे. १३५ असेल तर यादी डॉसच्या काळातील आहे, आणि मग जुवांवमधील नागमोडी 'ए' पाहावा : १९८ असेल तर कोडपेज (डॉसचा अक्षरतक्ता) ८५०, १३२ असेल तर पोर्तुगीजसाठीचे कोडपेज ८६०. पद्धत कळली की नावांचा संपूर्ण रकाना, फर्नांडिस-डिसोझासकट, त्याच पद्धतीने वाचावा आणि यूटीएफ-८ मध्ये लिहावा. नुसती अडलेली नावे हाताने दुरुस्त करत बसू नये. त्यात एखादे घराणे निसटते. अशा याद्यांवर लोकांचे हक्क अवलंबून असतात, तेथे नावावरची नागमोडी रेघ ही शोभेची गोष्ट नसते.

याच गोष्टीची उलटी बाजू गोव्यात वारंवार पाहायला मिळते. यूटीएफ-८ मधील देवनागरी विंडोज-१२५२ समजून उघडली, तर २२४ या बाइटाचे पोर्तुगीजमधील उलट्या आघाताचे 'आ' होते आणि मागोमाग येणारा १६४ किंवा १६५ चलनाचे वा येनचे चिन्ह होऊन बसतो. सारे पान त्या 'आ'ने भरलेले दिसले, तर मजकूर नष्ट झालेला नाही, चुकीच्या चष्म्यातून दिसतो आहे, हे ओळखावे आणि तशीच फाइल जतन करणे कटाक्षाने टाळावे. कारण विंडोज-१२५२ च्या तक्त्यात काही जागा रिकाम्या आहेत. त्यातली एक आहे १४१, आणि आपल्या हलन्ताचा तिसरा बाइट नेमका तोच आहे. त्यामुळे 'मडगाव' या फेऱ्यातून सुखरूप परत येते, पण 'म्हापसा' येईलच असे नाही. पहिला घाव जोडाक्षरांवर पडतो.

प्रश्न : आमची सहकारी संस्था सभासदांच्या ओळखपत्रांचे स्कॅन बेस-६४ करून ईमेलने पाठवते आणि त्यामुळे ते गुप्त राहतात असे सांगते. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : नाही. बेस-६४ ला किल्ली नसते. ते कोणालाही क्षणात उलगडता येते. गुप्तता हवी असेल तर आधी फाइल खरोखर कूटबद्ध करावी, आणि मग त्या कूटबद्ध बाइटांना मजकुराच्या वाटेने पाठवण्यासाठी हवे तर बेस-६४ वापरावे. आपल्या संस्थेला हे लेखी कळवावे अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

प्रश्न : खनिजाचे ट्रक तोलणाऱ्या वजनकाट्याकडून येणारा संदेश आम्ही एक्सएमएलच्या (कोनकंसांतील खुणांनी बांधलेल्या मजकूर-स्वरूपाच्या) नोंदीत ठेवतो. संदेशाच्या आरंभी २ आणि अखेरीस ३ हा बाइट असतो. संपूर्ण संदेश सीडेटामध्ये गुंडाळला, तरी समोरचा प्रोग्राम फाइल नाकारतो.
— एक वाचक, डिचोली

उत्तर : सीडेटाबद्दलचा हा गैरसमज फार पसरलेला आहे. सीडेटा फक्त कोनकंस आणि 'अँड'चे चिन्ह यांचा विशेष अर्थ तेवढ्यापुरता थांबवतो. कोणती चिन्हे फायलीत असू शकतात हा नियम तो बदलत नाही. एक्सएमएल १.० मध्ये ३२ च्या खालच्या चिन्हांपैकी फक्त तीन चालतात : टॅब म्हणजे ९, नवी ओळ म्हणजे १० आणि कॅरेज रिटर्न म्हणजे १३. २ आणि ३ ही चिन्हे उघडी चालत नाहीत आणि अंकांनी उल्लेख करूनही चालत नाहीत. एक्सएमएल १.१ ने असे उल्लेख करण्याची मुभा दिली, पण ० तिथेही वर्ज्य आहे, आणि पुष्कळ साधने १.१ वाचतच नाहीत.

याहून सूक्ष्म धोका असा, की चालणारे बाइटही जसेच्या तसे पोहोचत नाहीत. एक्सएमएल वाचणारा प्रोग्राम नियमानुसार १३ व १० या जोडीचा एकटा १० करतो. आपला काटा संदेशाच्या शेवटी ही जोडी पाठवत असेल आणि आपण त्यावरून संदेशाची लांबी किंवा तपासबेरीज मोजत असाल, तर कोणतीही चूक न दाखवता हिशेब चुकेल. म्हणून वजनाचा आकडा संदेशातून बाहेर काढून तो साध्या मजकुराच्या घटकात ठेवावा, जेणेकरून माणसालाही वाचता येईल. आणि पुढेमागे वाद झाल्यास दाखवण्यासाठी मूळ संदेश वेगळ्या घटकात हेक्समध्ये (सोळाच्या पायावरील, ० ते ९ आणि ए ते एफ अशा चिन्हांत) ठेवावा. एक्सएमएल स्कीमामध्ये बेस-६४ आणि हेक्स या दोहोंसाठी स्वतंत्र प्रकार आहेत, ते घोषित करावेत. हेक्समध्ये प्रत्येक बाइटाची दोन अक्षरे होऊन आकार दुप्पट होतो हे खरे, पण वीस-तीस बाइटांच्या संदेशाला त्याची फिकीर नको. शिवाय पहिले ०२ आणि शेवटचे ०३ डोळ्यांना सरळ दिसतात, जे बेस-६४ मध्ये दिसत नाहीत.

प्रश्न : आमच्या शाळेत विद्यार्थ्यांच्या हजेरी कार्डांचे क्रमांक हेक्समध्ये आणि फोटो बेस-६४ मध्ये एका सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या मजकुराच्या) फायलीत आहेत. एक्सेलमध्ये उघडून जतन केल्यावर काही कार्डे यंत्र ओळखत नाही आणि मोठे फोटो अर्धवट आले आहेत.
— एक शिक्षिका, म्हापसा

उत्तर : सीएसव्हीला रकान्यांचे प्रकार माहीत नसतात, म्हणून एक्सेल स्वतः अंदाज करते. ४५१२ई३७ असा कार्ड क्रमांक आला की त्याला तो ४५१२ गुणिले दहाचा सदतिसावा घात वाटतो. सगळे अंकच असलेल्या क्रमांकाच्या आरंभीची शून्ये तो काढून टाकतो. ज्या क्रमांकांत इतर अक्षरे आहेत ते वाचतात, म्हणून काहीच कार्डे बिघडतात आणि कारण लवकर सापडत नाही. फाइल दोनदा क्लिक करून उघडू नका. डेटा आयात करण्याच्या मार्गाने घ्या आणि कार्डाचा रकाना 'मजकूर' आहे असे तेथे सांगा. बिघडलेल्या फायलीतून मूळ क्रमांक परत येणार नाहीत, ते यंत्रातून पुन्हा काढावे लागतील.

फोटोंचे कारण वेगळे आहे. एक्सेलच्या एका चौकटीत जास्तीत जास्त ३२,७६७ अक्षरे मावतात, म्हणजे बेस-६४ च्या हिशेबाने सुमारे २४,५७० बाइटांपर्यंतचाच फोटो पूर्ण बसतो. त्याहून मोठा फोटो तेथून पुढे कापला गेलेला असतो. जेपेग बहुधा वरून खाली साठवलेला असल्याने कापलेल्या फोटोत चेहऱ्याचा वरचा भाग दिसतो आणि खाली करडा पट्टा येतो. आपण 'अर्धवट' म्हणता ते हेच असावे. सीएसव्हीतून फोटोंचा रकाना काढून टाका, फोटो एका फोल्डरमध्ये हजेरी क्रमांकाच्या नावाने ठेवा आणि सीएसव्हीत फक्त त्या फायलीचे नाव लिहा. नवे वर्ग भरण्यापूर्वी हे काम उरकले, तर नव्या मुलांचे फोटो सुरुवातीपासूनच योग्य जागी जातील.